तात्यांचा तांबडा

पाना सटकला आणि माझी बोटं लोखंडावर खरवडली. चार बोटांची सालटी निघाली. ट्रॅक्टरखाली उताणा पडल्या पडल्याच मी पाना भिरकावला. तो खडखडत भिंतीपर्यंत गेला.

"फेकल्यानं बोल्ट निघत न्हाई, उत्त्या," भिंतीवरून तात्या म्हणाले.

"मग कशानं निघतो?"

"डिझेल सोड त्यावर. एक बिडी ओढ. मग बघ."

"मी बिडी ओढत नाही, तात्या."

"म्हणूनच निघत न्हाई."

शमूमिस्त्री पलीकडून खो खो हसले. मी मात्र चिडलेलाच. मला धीर नाही, हे आमच्या घरात कुत्र्यालासुद्धा माहीत. भात शिजेपर्यंत मी तीनदा झाकण उघडून बघतो. आणि हा बोल्ट सकाळपासून जागचा हलत नव्हता.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते, भीमराव. आमच्या अंगणाच्या भिंतीवर ते असे बसायचे की पाय रस्त्याकडे आणि मान आमच्याकडे. एकोणीस वर्षांपूर्वी आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, त्यांना सांगितलं होतं की माझ्या अंगणात पाय ठेवायचा नाही. पुढं आबा गेले, माझे वडील गेले, तरी तात्यांनी पाय ठेवला नाही. वडिलांच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहिले आणि तिरडी रस्त्यावर आल्यावर खांदा दिला. आता ट्रॅक्टर माझा, अंगण माझं. मी हजारदा म्हणालो, "तात्या, आत या की." तर म्हणायचे, "इथनं दिसतंय मला."

आबांचा राग याच ट्रॅक्टरवरून. सदुसष्ट साली आबांनी तो बोटीवरून उतरलेला, मुंबईच्या गोदीतून आणलेला. गावातला पहिला. रंगानं लालभडक, म्हणून सगळे त्याला तांबडाच म्हणायचे. तात्या तेव्हा सतरा वर्षांचे. त्यांच्याशिवाय तो कुणाचं ऐकायचा नाही. मी लहानपणी तात्यांच्या मांडीवर बसून त्याचं स्टिअरिंग धरलंय. एकोणनव्वद साली बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, झाल्यावर चौथ्या दिवशी, माळाच्या रानात नांगरट करताना तांबड्याचं इंजिन बसलं. करकचून जाम झालं, ते झालंच. आबांनी एकच विचारलं, "तेल बघितलं होतंस?" तात्या म्हणाले, "बघितलं होतं." आबा म्हणाले, "बघितलं असतंस तर बसलं असतं का?" दुसऱ्याचे बैल लावून ट्रॅक्टर घरी ओढत आणला आणि अंगणात फाटकासमोर उभा केला. दुरुस्त करायचा नाही, विकायचा नाही. येता-जाता भीमरावाला दिसू दे, म्हणाले.

आणि तो दिसत राहिला. गावालाही दिसत राहिला. पोरं मोटारसायकलवरून जाताना ओरडायची, "तात्या, तेल बघितलं का?" कुणी दूध उतू घालवलं तरी बायका म्हणायच्या, तात्या केला बघ. आमच्या घरात तर आईचं हे पालुपदच होतं. मी मोटारचा स्विच चालू ठेवून आलो की आई म्हणायची, "तात्या होऊ नकोस." आई करडी बाई. कुठलीही गोष्ट जिथल्या तिथं, जेव्हाची तेव्हा. तिला हलगर्जी माणूस चालायचा नाही.

ज्या वर्षाचं मी सांगतोय, त्या वर्षी बेंदूर नऊ दिवसांवर आला होता. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी तात्या आणि काकू गाव सोडून चालले होते. इचलकरंजीला मुलीकडं, कायमचे. त्याआधी तांबडा चालू करायचा, तात्यांना त्यावर बसवायचं आणि मिरवणुकीत काढायचं. बास. एवढंच माझ्या डोक्यात घुसलं होतं, आणि त्यापायी मी दोन महिने ना धड जेवलो, ना धड झोपलो. एकोणीस वर्षांत तात्यांनी कुठल्याच गाडीचं स्टिअरिंग हातात धरलं नव्हतं. या गावातून ते "तेल न बघणारा" म्हणून गेले असते, आणि ते मला सहन होण्यासारखं नव्हतं.

दुपारी तो बोल्ट निघाला. मिस्त्रींनी खाली कापलेला डबा सरकवला आणि इंजिनातलं तेल सोडलं.

काळं, काकवीसारखं घट्ट तेल निघालं. निघतच राहिलं. डबा भरला. मिस्त्रींनी बोटानं भोक दाबून धरलं आणि ओरडले, "दुसरा डबा आणा, उत्तमराव! लवकर!"

दुसराही निम्मा झाला. मिस्त्री माझ्याकडं बघायला लागले.

"सात लिटरच्या घरात हाय," ते म्हणाले. "काठोकाठ होतं की हे."

मी धावत भिंतीशी गेलो. हात तेलानं माखलेले, बोटांतून रक्त.

"तात्या! तेल भरलेलं होतं! पूर्ण भरलेलं!"

मला वाटलं, उडी मारतील. रडतील. निदान एक शिवी तरी हासडतील. 

"दादानं मागनं ओतलं असंल," ते हळूच म्हणाले. दादा म्हणजे माझे वडील.

"कशापायी ओततील?"

"मला वाचवायला. आबा बघायला आले असते तर तेल दिसावं म्हणून."

"दादा तुम्हाला तसं म्हणाले होते?"

"न्हाई."

"मग? अहो, तुम्ही स्वतः बघितलं होतं का नव्हतं?"

तात्यांनी रस्त्याकडं तोंड फिरवलं.

"पैल्या वर्षी खात्री होती. तेल मोजायची कांडी ओढली, फडक्यानं पुसली, परत घातली, सगळं दिसायचं डोळ्यांम्होरं. मग लोकं बोलत गेली, आबा बोलत गेले. आता न्हाई सांगता यायचं बाबा. आता मला कांडी ओढल्याचं आठवतंय, का मी मनानंच ओढतोय, कळत न्हाई."

 मी उगाच फाटकापर्यंत गेलो, परत आलो, डब्याला लाथ घातली. थोडं तेल सांडलं. मिस्त्री म्हणाले, "लाथा कमी मारा आणि इकडं या."

तोपर्यंत त्यांनी खालचं चेंबर मोकळं केलं होतं. इंजिनाच्या पोटात एक जाळी असते, तिच्यातून पंप तेल ओढतो. ती जाळी मिस्त्रींनी काढून हातात घेतली होती. जाळीला मुठीएवढा काळा गोळा चिकटला होता, तळून करपलेल्या भज्यासारखा. त्यानं जाळीचं तोंड गच्च बंद झालं होतं.

"इंजिनात तेल होतं," मिस्त्री म्हणाले, "पण ह्यानं वर चढू दिलं न्हाई. म्हणून बसलं."

"पण आहे काय हे?"

मिस्त्रींनी गोळा दगडावर ठेवला आणि हातोडीनं हलकेच ठोकला. पापुद्रे सुटले. एकावर एक, पातळ पातळ. आणि मधोमध एक कडक तुकडा. मिस्त्रींनी तो फोडला. आतून पिवळाधमक.

हळकुंड.

मी बघताक्षणी ओळखलं. मिस्त्रींना काही कळलं नाही, ते तुकडा नाकाशी नेऊन हुंगत होते. गावात बेंदराला सगळेच बैलाला पुरणपोळी भरवतात. पण पोळीची घडी करायची, तीत तूप घालायचं आणि मधे हळकुंडाचा तुकडा ठेवून तो घास बैलाच्या तोंडात द्यायचा, ही रीत फक्त आमच्या घरात. आईनं माहेराहून आणलेली. बैलाला बाधत नाही, म्हणायची. आणि एकोणनव्वद सालचा बेंदूर हा आमच्या दावणीला बैल नसलेला पहिला बेंदूर. त्याच उन्हाळ्यात आबांनी शेवटची जोडी विकली होती.

"मिस्त्री," भिंतीवरून आवाज आला, "काय सापडलं?"

"तुम्हीच येऊन बघा, तात्या. मला उमगंना."

 तात्यांनी पाय उचलले, आमच्या बाजूला फिरवले आणि भिंतीवरून खाली उतरले. फाटकातून नाही, भिंतीवरून. एकोणीस वर्षांनी त्यांचे पाय आमच्या अंगणात टेकले.

त्यांनी तुकडा तळहातावर घेतला. उलटा केला, सुलटा केला. घराच्या दाराकडं बघितलं. आत आई डाळ निवडत बसली होती, सुपाचा आवाज येत होता.

"तेल बघितलं होतं मग मी," असं काहीतरी ते म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी मूठ मिटली.

"वहिनीला सांगायचं न्हाई," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे न्हाई. मी चाललोच आहे. माझ्याबरोबर जाऊ दे."

"तात्या, एकोणीस वर्षं ती तुम्हाला..."

"तिला ठाऊक होतं व्हय? दावणीला बैल न्हाई, हातात घास. कुठं देणार बाई? मी ज्या तोंडातनं तेल ओतायचो तिथं दिला आसंल. आता ह्या वयात तिला सांगून काय मिळवायचं? शपथ हाय तुला माझी. मिस्त्री, तुम्हालापण."

"मी कशाला बोलू?" मिस्त्री म्हणाले. "पण कुणी तोंडावर विचारलं तर मी खोटं बोलत न्हाई, एवढं ध्यानात ठेवा."

ते नऊ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोटात गोष्ट ठेवायची सवय नाही आणि ठेवली तर ती आत धडका मारत बसते. सांगलीला गेलो, कोल्हापूरला गेलो, भंगारबाजार पालथे घातले, पिस्टन आणले, बेअरिंग आणले. घरी टेकलो की आई समोर.

"काय निघालं रे त्यात?" तिनं एकदा ताटावर विचारलं.

"गाळ."

"निघणारच. भावजींनी जरा लक्ष दिलं असतं तर आबांचा ट्रॅक्टर असा सडला नसता."

मी भाकरी तशीच टाकून उठलो. "जेवण का टाकलंस?" ती मागून ओरडली. मी अंगणात जाऊन आवळलेलेच बोल्ट परत आवळत बसलो. एकदा वाटलं, आत जावं आणि सांगून मोकळं व्हावं. तिच्या कणकेनं भरलेल्या हातांकडं बघितलं की तोंड उघडायचं नाही. तात्यांकडं बघितलं की मिटायचं नाही. ते आता रोज अंगणात यायचे, इंजिनात हात घालायचे, पण घरात कधी गेले नाहीत. आई चहा बाहेर पाठवायची, बशी झाकून.

बेंदराच्या दिवशी सकाळी तांबडा पुसून, रंगवून उभा होता. शिंगांना लावतात तसे बेगडाचे कागद मी त्याच्या दिव्यांना चिकटवले होते, गळ्यात झेंडूची माळ. आळीतली दहा-वीस माणसं जमली होती. मिस्त्रींनी हँडल घातलं. पहिल्यांदा नुसता हुंकार. दुसऱ्यांदा काळा धूर. तिसऱ्यांदा तांबडा असा काही गरजला की समोरच्या घराच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मी ओरडलो का रडलो, आठवत नाही. तात्या बाजूला उभे राहून नुसता आवाज ऐकत होते, डोळे मिटून.

"बंद कर," ते म्हणाले. "पूजा होऊ दे आधी."

आई आरती घेऊन आली. डोक्यावरून पदर, नवं लुगडं. हळद लावली, कुंकू लावलं, चाकांवर पाणी सोडलं. मग ताटातली पुरणपोळी तिनं उचलली, घडी केली. तूप मनगटावर ओघळलं. तिनं इंजिनाच्या बाजूचं तेलाचं झाकण धरलं आणि फिरवून काढलं.

"वहिनी!" तात्या ओरडले.

"आई, नको!" मी तिचा हात धरला.

आई दचकली. घास हातात तसाच.

"काय झालं एवढं ओरडायला? शेतीला घेतलेल्या त्या नव्या ट्रॅक्टरला मी नाही देत. तो बाहेरचा. ह्याला द्यायचाच. ह्याला मागे पण दिला होता की."

 मिस्त्रींनी खाली बघितलं.

"बैल गेले त्या साली," आई म्हणाली, आणि तिचा आवाज मधेच बारीक झाला. ती माझ्याकडं बघत होती. मग तात्यांकडं. "त्याच साली."

"न्हाई वहिनी," तात्या घाईघाईनं म्हणाले. "त्याचं काय न्हाई. तेल कमी होतं. माझ्याच हातनं..."

"मिस्त्री," आई म्हणाली, "तुम्ही तिऱ्हाईत. काय सापडलं आत?"

मिस्त्रींनी तात्यांकडं बघितलं. "तेल सात लिटर निघालं, वहिनी. भरलेलं होतं."

"आणि?"

"आणि जाळीला हळकुंड."

आई खाली बसली नाही, रडली नाही. ती रडणाऱ्यातली नव्हतीच. तिनं हातातला घास बघितला. तो तिनं परत ताटात ठेवला, ताट माझ्या हातात दिलं आणि तेलाचं झाकण जिथल्या तिथं घट्ट लावलं.

"ह्या घरात मी ह्यांचं नाव शिवीसारखं वापरलं," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. मग मान वर केली. "भावजी, चढा."

"वहिनी, राहू द्या आता."

"चढा म्हणते ना मी."

तात्या चढले. एकोणीस वर्षांनी, पण गिअर बरोबर पडला. आमच्या घरातल्या बायका बेंदराला फाटकापर्यंत येतात आणि ओवाळून परत फिरतात. आई फिरली नाही. तिनं फाटकाची दोन्ही दारं उघडली आणि तांबड्याच्या पुढं चालायला लागली. मी ताट घेऊन मडगार्डवर बसलो होतो. मला वाटलं, चार पावलं जाईल.

गुरवाच्या दारात ती थांबली. इंदूमावशी ओवाळायला बाहेर आली होती.

"इंदू, ऐक," आई इंजिनापेक्षा मोठ्यानं म्हणाली. "आमचा तांबडा मी मारला होता. बेंदराचा घास इंजिनात घातला. भावजींनी तेल बघितलं होतं."

इंदूमावशीच्या हातातलं ताट हातातच राहिलं. आई पुढच्या दारात गेली. तिथंही तेच. त्याच्या पुढं तेच. शब्दही बदलायची नाही. तात्या मागून ओरडत होते, "वहिनी, बास! वहिनी, लोकं हसतात!" पण तांबड्याच्या आवाजात ते मलाच जेमतेम ऐकू येत होतं, तिला कुठून येणार? आणि आलं असतं तरी ती थांबणारी नव्हती. मी तिचाच मुलगा. हा उतावळेपणा कुठून आला ते मला त्या दिवशी कळलं.

चावडीपाशी पोरं उभी होती. त्यातलं एक फिस्सकन हसलं. आई वळून त्याच्यासमोर गेली.

"हस," ती म्हणाली. "त्यांना जेवढं हसलास तेवढं मला हस. मी उभी आहे."

तो पोरगा खाली बघायला लागला.  एका म्हाताऱ्यानं टोपी काढून तात्यांना रामराम घातला. तात्यांना तो दिसलाही नसेल, त्यांचे डोळे आईच्या पाठीवर होते.

शेवटचं घर तात्यांचं. दारात बोचकी बांधून ठेवलेली, टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. आईनं त्यांनाही तेच सांगितलं, शब्दाला शब्द.  काकू म्हणाल्या, "लई उशीर केलासा, जाऊबाई." आई म्हणाली, "केला." आणि परत फिरली. घामानं भिजलेली, पदर ओढलेला, पायात चप्पलसुद्धा नव्हती. आता घरी जावं म्हणून ती तांबड्याच्या बाजूनं निघाली.

तात्यांनी इंजिन बंद केलं.

इतका वेळ कानात घुमत होतं ते सगळं एकदम थांबलं. आई जागच्या जागी उभी राहिली.

"वहिनी," तात्या वरूनच म्हणाले, "सगळ्या गावाला सांगितलंसा. मला न्हाई सांगितलं."

आईनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. तोंड उघडलं, परत मिटलं. बाकी सगळ्या दारांत तिला जमलं होतं, इथं जमेना.  तिनं मडगार्डचा कोपरा धरला.

"भावजी," ती म्हणाली, "तुम्ही तेल बघितलं होतं."

तात्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. 

"व्हय," ते म्हणाले. "बघितलं होतं मी."